ब्लोअर थांबल्यावरची दहा मिनिटं : सिडकोतल्या एका नवख्याचं प्रकरण

"सर, पोरगं म्हणतंय पिक्चरच्या लाइनीत जायचं. तुम्हीच एकदा समजावून सांगा त्याला."

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी नाशिकच्या सिडकोतले एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि चपला काढता काढताच हे बोलले. समजावून सांगा म्हणजे नको म्हणून सांगा, हे मला कळलं. अंबडच्या एका कारखान्यात ते २६ वर्षं सीएनसी मशीनवर आहेत. मागे मुलगा उभा होता. वय २२, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, छातीशी एक जाड काळी फाइल धरलेली.

मी मुंबईत २० वर्षं लोकेशन साउंडचं काम केलं. शूटिंगच्या जागेवर नटांचे संवाद रेकॉर्ड करायचं काम. आता गंगापूर रोडला राहतो. कोणी ना कोणी ओळख काढून येतं, महिन्याला एखाद-दोन मुलं तरी येतात. त्यातलं हे एकच प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण यात काय ठरवलं, कधी ठरवलं आणि किती पैसे गेले-आले याची वही त्या मुलाने ठेवली आहे. एरवी अशा गोष्टी नंतर आठवून सांगितल्या जातात आणि आठवणीत सगळंच सोपं होऊन जातं. मुलाने आणि त्याच्या आई-वडिलांनी लिहायला परवानगी दिली आहे. नाव मी लिहीत नाही.

फाइल

फाइलमध्ये ३२ फोटो होते. कोटातला, जीन्समधला, कुर्त्यातला, हनुवटीखाली हात घेतलेला. अंधेरीत कुठल्याशा एजन्सीने "पोर्टफोलिओ आणि तीन ऑडिशनची हमी" असं सांगून २८,००० रुपये घेतले होते. वडिलांनी ते पतपेढीतून काढून दिले होते, म्हणजे त्यांचा विरोध पहिल्यापासून होता असंही नाही. एक ऑडिशन झाली, एका खोलीत, मोबाइलवर. त्यानंतर फोन उचलणं बंद.

हे मी दर वेळी सांगतो आणि इथेही सांगतो. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कास्टिंगचं काम करणाऱ्याला त्याचे पैसे निर्मात्याकडून मिळतात, कलाकाराकडून नाही. नवख्या कलाकाराला लागतात ते चांगल्या उजेडात, साध्या भिंतीपुढे काढलेले चार फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचा. आणि मिनिटभराचा व्हिडिओ, ज्यात तो आपलं नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगतो. हे घरी होतं, मोबाइलवर होतं. जो नोंदणी, कार्ड, हमी असे शब्द वापरून आधी पैसे मागतो, त्याचा धंदा सिनेमाचा नसून तुमच्या मुलाच्या हौसेचा आहे.

पैसे यूपीआयने गेलेले असल्यामुळे पुरावा होता. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवायला लावली. ते पैसे आजपर्यंत परत आलेले नाहीत.

मग मी मुलाला विचारलं, आजवर काय केलंयस? राज्य नाट्य स्पर्धेच्या एका नाटकात छोटी भूमिका केली होती. अजून? "आणि म्युझिक मीच ऑपरेट केलं." त्यावर विचारलं तर सांगायला लागला की तालमीत सगळं बरोबर होतं, पण थिएटरात स्पीकरमधून घुर्रर्र आवाज यायला लागला. लॅपटॉपचा चार्जर काढला की आवाज बंद. मग प्रयोगाआधी त्याने चार्जिंग पूर्ण करून घेतलं आणि अख्खा प्रयोग बॅटरीवर चालवला. हे सांगताना त्याने फाइल खाली फरशीवर ठेवली. अभिनयाबद्दल बोलत होता तेव्हा ती मांडीवर होती.

मी त्याला लगेच काही म्हटलं नाही. पण अर्थिंगची घरघर ओळखून, कारण शोधून, प्रयोग वाचवणारा मुलगा माझ्यासमोर बसला होता आणि त्याला त्याची किंमत ठाऊक नव्हती.

वडील म्हणाले, "फाळके आपल्याच जिल्ह्यातले ना, सर? मग इथे काहीच कसं नाही?" नाशिकच्या प्रत्येक घरात हा प्रश्न निघतो. दादासाहेब फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. पहिला चित्रपट १९१३ मध्ये मुंबईत दाखवल्यावर ते नाशिकला आले, १९१८ मध्ये इथेच हिंदुस्तान फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९४४ मध्ये ते गेलेही नाशिकलाच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळेच्या सहली जातात. पण मला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई जास्त आठवतात. तेव्हा कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडता यायची. ती भोकं अंधारात, हाताच्या अंदाजाने पाडावी लागत. दिवसा सगळ्या युनिटचा स्वयंपाक करून रात्री त्या हे काम करायच्या, फिल्म धुवायलाही मदत करायच्या. पडद्यावर त्या कुठेच नाहीत. भोक एक केसभर सरकलं असतं तर चित्र हललं असतं.

हे मी त्या दोघांना सांगितलं ते इतिहास म्हणून नाही. पिक्चरची लाइन असं काही एक नसतं. कॅमेरा, लाइट, साउंड, कला, वेशभूषा, मेकअप, संकलन, निर्मिती, दिग्दर्शन हे सगळे वेगवेगळे विभाग आहेत. प्रत्येकाची शिकण्याची रीत वेगळी, प्रत्येकाची संघटना वेगळी, आणि बहुतेक संघटना फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज या एका छत्राखाली. "मला सिनेमात काम करायचंय" असं कोणाला सांगितलं तर समोरचा तुम्हाला कुठे उभं करणार? "मी साउंड अटेंडंट म्हणून येऊ शकतो, केबल नीट गुंडाळता येते, बूम धरायचा सराव आहे" असं सांगितलं तर त्याला उद्याची अडचण आठवते. (अटेंडंट म्हणजे साउंडवाल्याचा मदतनीस, बूम म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक.)

मुलगा म्हणाला, "पण काका, मला अॅक्टिंग सोडायची नाही." सोडू नकोस, म्हटलं. नाशिकला नाटक आहे, ते कर. पोटाचं काम आणि हौसेचं काम एकाच दिवशी एकच व्हायला पाहिजे असं नाही.

पैशाचं गणित

वडिलांनी पगार विचारला. पगार नसतो, रोज असतो. नवख्या अटेंडंटला तेव्हा दिवसाला १,००० रुपयांच्या आसपास मिळतील असं मी सांगितलं. पहिल्या वर्षी महिन्याला आठ-दहा दिवस काम लागलं तरी चांगलं. आणि मालिकांच्या कामात पैसे साधारण ९० दिवसांनी येतात. हा तिथला रिवाजच आहे. मार्चचं काम केलं तर हातात पैसे जूनअखेर पडणार, तेही सगळं वेळेवर झालं तर.

मुलं परत येतात ती या ९० दिवसांत. कामात कच्ची होती म्हणून नव्हे. पहिल्या महिन्यात उत्साह असतो, दुसऱ्यात मित्राकडून उसने, तिसऱ्यात घरी फोन. चौथ्या महिन्यात, पैसे यायच्या आठ दिवस आधी, ती नाशिक रोडला उतरतात. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता काही बोलायच्या आधी वही आणि पेन मागतो.

आम्ही तिघांनी टेबलावर हिशेब मांडला. चौघांत मिळून खोली, माणशी ६,५००. जेवण ५,०००. प्रवास २,०००. फोन आणि वरखर्च १,५००. महिन्याला १५,०००. चार महिने एक रुपया आला नाही असं धरलं तर ६०,०००. घरात तेवढे नव्हते, २८,००० नुकतेच गेले होते.

वडिलांना वाटलं विषय संपला. मी म्हटलं, मुंबईला आत्ता जायचंच नाही. इथे राहून पैसे जमव, इथेच शिक, आणि जिल्ह्यात जे शूटिंग येतं त्यात पहिलं काम कर. इगतपुरीच्या घाटात, दिंडोरीच्या बागांत, त्र्यंबकच्या डोंगरात जाहिराती, माहितीपट, गाणी सतत शूट होत असतात. मुंबईहून युनिट येतं तेव्हा त्यांना इथला एक माणूस राहण्याच्या खर्चाशिवाय मिळतो. नाशिकच्या मुलाचा हा एक खरा फायदा आहे आणि तो वापरला जात नाही.

नेहमीचा दुसरा सल्ला असतो पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाऊन-येऊन करण्याचा. ऑफिसच्या नोकरीला ते चालतं, हजारो लोक करतात. शूटिंगला चालत नाही. कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळी सातचा असेल तर पंचवटी तेव्हा नाशिक रोडवरून सुटत असते, आणि पॅकअप कधी होईल ते कोणीच सांगू शकत नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचाही विषय निघाला. १९६० पासूनची संस्था, ध्वनीचा अभ्यासक्रम उत्तम. पण तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि याचा डिप्लोमा. तेव्हा त्याने मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं. विद्यापीठ आपल्याच गावात, परीक्षा सांभाळून काम करता येतं. पुढे प्रवेश परीक्षा द्यायची की नाही ते नंतर, पण दार बंद व्हायला नको.

मंडप, बांबू आणि नळाची मोटर

गणपती तोंडावर होते. मी त्याला भद्रकालीतल्या एका साउंडवाल्याकडे पाठवलं, मंडपात स्पीकर लावणाऱ्याकडे. मुलाचं तोंड उतरलं. पण केबल तिथेच हातात बसते. केबल कोपराला गुंडाळली की तिला पीळ पडतो, आतल्या तारा तुटतात, आणि ऐन वेळी खरखर सुरू होते. एक वेटोळं सुलट, दुसरं उलट असं घेत गेलं तर तीच केबल फेकली की सरळ उलगडते. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं आणि हाताला यायला महिना. गणपती आणि नवरात्र मिळून त्याने इतक्या केबली गुंडाळल्या की दिवाळीत माझ्याकडे आला तेव्हा बोलता बोलता माझ्या टीव्हीमागची वायरही त्याने तशीच नीट करून ठेवली. दिवाळीपर्यंत २४,००० साठले होते.

दुसरा सराव बांबूचा. बारा फुटांचा हलका बांबू, टोकाला अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली. तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, घरात बोलत असलेल्या दोन माणसांवर चार मिनिटं फिरवायचा. बोलणाऱ्याच्या डोक्यावर बाटली पोचली पाहिजे, तो बोलायच्या आधी. आई आणि बहीण रात्री भाजी निवडत बोलत असायच्या आणि हा गॅलरीच्या दारात बांबू घेऊन उभा. पहिल्या आठवड्यात दीड मिनिटाला हात थरथरायला लागायचे. बूम धरणाऱ्याला संवाद पाठ लागतात, माणसाचा श्वास ओळखावा लागतो, हे त्याला आईच्या बोलण्यातून कळलं. ती वाक्याच्या आधी विळी थांबवते, हे २२ वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं म्हणाला.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. त्याला पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात चार वेळा बसायला लावलं: पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. काय ऐकू येतं ते वेळेसह लिहायचं. दुपारचं लिहून आणलं ते सोपं होतं: कबुतरं, लांबून घंटा, रिक्षा. सकाळच्या पानावर लिहिलं होतं, "६.१० ला नळ आला. ६.१२ ला चार घरांच्या मोटरी सुरू. ७.०५ पर्यंत बोलणं रेकॉर्ड होणार नाही." कॅमेरावाल्याला तो चौक सकाळच्या कोवळ्या उन्हात सुंदर दिसणार आणि तो नेमकी हीच वेळ मागणार. जागा बघायला गेलं की साउंडच्या माणसाने विचारायचा पहिला प्रश्न तो पुस्तक न वाचता शिकला: इथे पाणी कधी येतं?

दिंडोरीचे तीन दिवस

डिसेंबरात दिंडोरी तालुक्यात एका माहितीपटाचं तीन दिवसांचं शूटिंग होतं. रेकॉर्डिस्ट माझा जुना सहकारी. मी फोन केला. ओळख लागते, हे मी कधी लपवत नाही. ओळखीने पहिल्या दिवशी सेटवर उभं राहता येतं, तेवढंच. रोज १,०००, जेवण त्यांचं.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला द्राक्षबागेत एका वयस्कर शेतकऱ्याची मुलाखत लावली होती. थंडी कडाक्याची, वेलींवर दव, उजेड हवा तसा. आणि शेजारच्या प्लॉटमध्ये ट्रॅक्टरवर ब्लोअर सुरू झाला. ज्याने तो आवाज ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. फवारणीचा पंखा फिरायला लागला की दोन एकरांवर उभ्या माणसाला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

प्रॉडक्शनचा एक मुलगा बांधावर जाऊन हात वर करून ओरडला, बंद करा, शूटिंग आहे. शेजारचा शेतकरी ट्रॅक्टरवरूनच म्हणाला, "माझ्या बागेत डावणी शिरली तर तुमची कंपनी भरून देणार का?" त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. डावणी हा द्राक्षांचा बुरशीरोग ओलाव्यावर पसरतो, आणि दव पडलेल्या सकाळी फवारणी पुढे ढकलणं म्हणजे वर्षाचं पीक पणाला लावणं. युनिट मात्र वैतागलं. दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, डबिंग करू. सत्तरीच्या शेतकऱ्याला मुंबईच्या स्टुडिओत नेऊन स्वतःच्याच ओठांवर बोलायला लावणार होते.

आमचा मुलगा बांधाच्या कडेला केबलच्या वेटोळ्याजवळ उकिडवा बसला होता. त्याने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. ब्लोअर २२ मिनिटं चालला. मग टाकी रिकामी झाली, ट्रॅक्टर बागेच्या टोकाला हौदापाशी गेला, इंजिन बंद झालं, औषध कालवणं आणि टाकी भरणं. १० मिनिटं. पुन्हा सुरू. दुसरी फेरी २१ मिनिटं, भरायला पुन्हा १०.

तो दिग्दर्शकाकडे गेला नाही. रेकॉर्डिस्टच्या शेजारी जाऊन हळूच म्हणाला, "दादा, दर वीस-बावीस मिनिटांनी दहा मिनिटं शांत मिळतात. अजून पाच टाक्या आहेत, मी विचारून आलोय." हे विचारून येणं त्याने कोणाला न सांगता केलं होतं. बांधावरून न ओरडता, हौदापाशी जाऊन, बादली धरायला मदत करत. "दादा, टाकी संपली की एक हात वर करा, बास." शेतकरी हो म्हणाला. त्याला काहीच थांबवायचं नव्हतं.

रेकॉर्डिस्टने ते दिग्दर्शकाच्या चीफ असिस्टंटला सांगितलं आणि सकाळ नव्याने मांडली गेली. ब्लोअर चालू असताना आवाज न लागणारे शॉट: हात, घड, पाण्याचे थेंब, चालणं. हात वर झाला की मुलाखत. साडेअकरापर्यंत सगळी उत्तरं झाली. शेवटी अर्धं मिनिट कोणी न बोलता नुसत्या बागेचा आवाज घेतला, तो संकलनात जोडाला लागतो.

त्याच दिवशी दुपारी त्याने घोटाळाही केला. जेवणानंतर लेपल माइकच्या, म्हणजे कपड्यावर लावायच्या छोट्या माइकच्या, ट्रान्समीटरचे सेल बदलायचे राहिले, आणि शेतकरी त्याची बायको गेली त्या वर्षाबद्दल बोलत असताना लेपल बंद पडला. वरून बूम होता म्हणून आवाज वाचला. टेक संपल्या संपल्या तो म्हणाला, "सेल माझ्याकडून राहिले." रेकॉर्डिस्ट चिडला, पण रात्री मला फोन आला तेव्हा आधी हात वर करणाऱ्या शेतकऱ्याचं सांगितलं आणि मग, "पोराने चूक दुसऱ्यावर ढकलली नाही." तेव्हापासून प्रत्येक सेलच्या जोडीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर टाकल्याची वेळ, हे त्याच्या पिशवीत दिसतं.

जानेवारीत त्याच रेकॉर्डिस्टने इगतपुरीच्या चार दिवसांसाठी बोलावलं. मला न विचारता. माझ्या मते हा मुलगा या लाइनीत आला तो त्या दिवशी, दिंडोरीला नाही.

माझी चूक

फेब्रुवारीत एका छोट्या निर्मिती संस्थेने त्याला दोन दिवसांसाठी घेतलं. पैशाचं "नंतर बघू" म्हणाले. त्याने मला विचारलं आणि मी म्हटलं, नवा आहेस, आधी काम कर, पैशाचं पहिल्याच भेटीत काढू नये. माझ्या वेळी आम्ही असंच करायचो. ते पैसे आले नाहीत. तीनदा फोन, मग मेसेजला उत्तर नाही. २,००० रुपये. माझ्यासाठी ती रक्कम लहान, त्याच्यासाठी दहा दिवसांचं जेवण होतं, आणि ती माझ्या सल्ल्याने गेली. मी त्याला तसं सांगितलं.

त्यानंतर आम्ही बसून एक मेसेज तयार केला. आता तो प्रत्येक कामाआधी हाच पाठवतो: "नमस्कार दादा. तारीख अमुक ते तमुक, साउंड अटेंडंट, रोज अमुक रुपये, शिफ्ट १२ तासांची, त्यापुढे जादा. येण्या-जाण्याचा खर्च युनिटकडे. पैसे अमुक तारखेपर्यंत. बरोबर असेल तर 'हो' कळवा, मी तारखा राखून ठेवतो." समोरून "हो" आलं की काम पक्कं. यात उद्धटपणा काही नाही. १९८१ च्या केंद्राच्या कायद्यापासूनच सिने-कामगारांशी लेखी करार अपेक्षित आहे. प्रत्यक्षात रोजंदारीवरच्या पोराशी कोण करार करतो? पण मोबाइलवरचं "हो" निदान दाखवता येतं. ज्याला पैसे द्यायचे आहेत तो या मेसेजने रागावत नाही, हे आता पाच-सहा कामांवरून दिसलं आहे.

सल्ल्याला एखादी मुलगी आली की मी याच्या जोडीला आणखी एक विचारायला सांगतो: तुमच्या युनिटची अंतर्गत तक्रार समिती आहे का, त्यात कोण आहे? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या जागी ती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आणि कॉल शीट, म्हणजे त्या दिवसाच्या शूटिंगची जागा आणि वेळ लिहिलेला कागद, घरी पाठवून ठेवायची, रोज.

ठाणे

मार्चमध्ये घोडबंदर रोडवरच्या एका मराठी मालिकेच्या सेटवर काम लागलं. गाठीला ५४,००० होते. ठरवलेल्या ६०,००० ला कमीच, पण त्याने जायचं ठरवलं आणि मीही अडवलं नाही. कासारवडवलीला चौघांत खोली घेतली.

मालिकेचं काम दिंडोरीसारखं नसतं. दिवसाला पाच-सहा सीन, टेकच्या आधी एसी बंद करा म्हणणारा माणूस सगळ्यांना नकोसा. घामाने मेकअप उतरतो म्हणून एक बाजू ओरडते, एसीची घरघर संवादात येते म्हणून दुसरी. ती दुसरी बाजू म्हणजे हा. जरीच्या साडीवर लेपल घासू नये म्हणून तो कुठे आणि कसा चिकटवायचा, हे त्याला वेशभूषेच्या ताईंनी शिकवलं. त्यांच्याशी नीट बोलल्यामुळे शिकवलं, हेही खरं.

मे संपताना खात्यात ३,२०० उरले होते. मार्चचे पैसे यायचे होते. त्या आठवड्यात त्याने मला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा पैशाचं काहीच बोलला नाही, यावरून मला कळलं. आईने एसटीने डाळ, तांदूळ, कुरडया आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली. चौघांनी खोलीवर स्वयंपाक सुरू केला, जेवणाचा खर्च निम्म्यावर आला. मार्चचे पैसे जुलैच्या पहिल्या आठवड्यात आले. आईचा डबा पोचला नसता तर तो परत आला असता असं त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. ६,००० कमी असताना त्याला जाऊ द्यायला नको होतं, असं माझं आजचं मत आहे.

जूनमध्ये आणखी एक झालं. सेटवरच्या जुन्या बूमचं टोक झिजलं होतं, माइकचा होल्डर नीट बसत नव्हता, हलला की कट्ट असा आवाज. नवीन यायला वेळ होता. त्याने घरी फोन करून वडिलांना विचारलं की असा आटा पाडता येईल का. वडिलांचा प्रश्न एकच होता, "माप काय?" तीन-अष्टमांश इंच, इंचाला सोळा आटे. शिफ्ट संपल्यावर त्यांनी साहेबांची परवानगी घेऊन अॅल्युमिनियमच्या तुकड्यातून दोन अडॅप्टर काढले, कडा घासल्या, आणि एसटीच्या पार्सलने ठाण्याला पाठवले. एक बूमवर आहे, एक त्याच्या पिशवीत. मला दाखवायला आणला होता. बोटाने फिरवला तर शेवटच्या आट्यापर्यंत कुठे अडत नाही.

आता तो महिन्यातले १६-१७ दिवस काम करतो. बीएच्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली. संघटनेच्या सभासदत्वाचं रेकॉर्डिस्टकडून विचारून घेतो आहे. पतपेढीचे हप्ते अजून वडीलच भरतात, ते या दिवाळीपासून तो घेणार आहे.

परवा फोन आला. नवीन मालिकेसाठी विचारणा झाली होती. मेसेज पाठवला, "हो" आलं, दर १,३००. मग जरा थांबून म्हणाला, "काका, राज्य नाट्यच्या वेळी पाच दिवस सुट्टी मागितली तर चालेल का? यंदा आमच्या नाटकात मोठी भूमिका आहे."

आत्ताच माग, म्हटलं. तारखा लिहून पाठव.